अधिक महिन्यातलं लग्न

“मग तुम्ही या कुटुंबात नाहीच, सिद्धरामअप्पा,” भीमाशंकर वकील म्हणाला, आणि म्हणताना त्यानं साधं वरही पाहिलं नाही. आयकराच्या रिटर्नवर पट्टी ठेवून तो एका ओळीवर शाईनं रेघ ओढत होता. त्या ओळीत सिद्धरामचं नाव होतं आणि नावापुढं ‘कर्ता, हिंदू एकत्र कुटुंब’ असं लिहिलेलं होतं. सिद्धराम हसला. वकील वयानं लहान, लिंगायत समाजातलाच, लांबच्या नात्यातला. थट्टा करत असेल असं त्याला वाटलं. पण वकिलाच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्यातल्या नव्या वकिलांना थट्टा करायला अजून वेळ मिळत नव्हता. कालपर्यंत जिथं मिरचीची पोती रचलेली असत तिथं आज यांची टेबलं होती. त्या खोलीतही मिरचीचा ठसका भिंतींत राहून गेला होता आणि बोलता बोलता माणसाला उगाच ढास लागायची. गेली कित्येक वर्षं उदगीरच्या घराचं हे काम नांदेडला शेषेराव वकिलांकडं असायचं. शेषेराव वारले, इकडं जिल्हा झाला, तेव्हा धाकटा भाऊ संगप्पा म्हणाला, अण्णा, आता नांदेडच्या चकरा कशाला? म्हणून सिद्धराम या खुर्चीत बसला होता. एरवी सही करून तासाभरात बाहेर पडला असता. पण यंदा त्याच्या बायकोची, उमादेवीची, आई तिकडं डेन्मार्कात वारली, तिचं घर विकलं गेलं आणि लेकीच्या वाट्याचे पैसे उदगीरच्या बँकेत आले. हे पैसे कुठले, बाई कुठल्या, नागरिकत्व कुठलं असं विचारत विचारत वकील लग्नापर्यंत आला. लग्न कसं झालं? नांदेडला रजिस्टर केलं, मग घरी आपल्या रीतीनं. आधी रजिस्टर? हाव, आधी रजिस्टर. त्या वेळी बाईंच्या गळ्यात लिंग होतं? न्हाई, ते मागून. मग वकिलानं कपाटातलं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि रेघ ओढली.

“एकत्र कुटुंबातल्या माणसानं रजिस्टर लग्नाच्या त्या कायद्याखाली धर्माबाहेरच्या बाईशी लग्न केलं, की त्याच दिवशी तो घरातून विभक्त झाला असं धरतात,” वकील समजावून सांगू लागला. “वाटा जात नाही, अप्पा. वाटा तुमचा तुम्हाला आहेच. फक्त तुम्ही आत नाही. लग्नाच्या दिवसापासून नाही. तुमचे वडील मडिवाळप्पा गेल्यावर तुम्ही कर्ता म्हणून सह्या करत आलात, त्याही तुम्हाला करता येत नव्हत्या. शेषेरावांनी कसं काय लिहिलं, देव जाणे.” वाटणी म्हणजे काय हे सिद्धरामनं पाहिलं होतं. आडत बाजारात दर दोन वर्षांनी कुणाची तरी होई. भाऊ भांडत, बायका भांडी मोजून घेत, मध्ये भिंत उभी राही, महिनाभर गावाला बोलायला विषय होई. लातूर उस्मानाबादेपासून वेगळं झालं तेव्हा तर पेढे वाटले होते. आणि आपण वेगळे झालो आणि आपल्यालाच पत्ता नाही, कुणी ताट वेगळं केलं नाही, कुणी रडलंसुद्धा नाही, हे त्याच्या डोक्यात काही केल्या बसेना. “वाट काढता येईल,” वकील म्हणाला. “लिंगदीक्षा आधी झाली, घरचं लग्नही आधी झालं, आणि नांदेडला नुसती त्याची नोंद केली, असं तुम्ही दोघांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं आणि स्वामींचा दाखला जोडला, तर मी लढवून बघतो. नाहीतर तुमचं रिटर्न वेगळं भरायचं, एकट्याचं. परवा बाईंना घेऊन या.” सिद्धरामनं मान डोलावली. जिना उतरताना त्याला ढास लागली, आणि आपल्या खोकण्यात कुणीतरी दुसरंच खाकरलं असं वाटून तो कठड्याला धरून थांबला. मागं कुणी नव्हतं. ते खाकरणं त्याच्या वडिलांचं होतं.

उदगीरच्या गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली, पण पाहण्यासारखं बाहेर काही नव्हतं. मृग कोरडा गेला होता. मागचंही साल असंच गेलं होतं. रानं नांगरून उघडी पडलेली, बांधावरच्या बाभळी राखेच्या रंगाच्या, आणि मधूनच रस्त्याच्या कडेला घागरींची रांग, घागरींपाशी माणूस नाही. टँकर यायचा तेव्हा येईल, तोवर रांगेत घागरींनी बसायचं. असाच दुष्काळ बहात्तरला होता, आणि तो पडला नसता तर सिद्धरामचं लग्न मावशीनं ठरवलेल्या बिदरच्या मुलीशी झालं असतं. देगलूरच्या बाजूला परदेशी लोकांनी अन्नछत्र चालवलं होतं, तिथं ज्वारी पोचवायचं काम मडिवाळप्पांच्या आडतीकडं आलं. पोती मोजून घ्यायला जी उंच, उन्हानं नाक सोललेली परिचारिका उभी राही, तिचं नाव कर्स्टन. दुष्काळ सरला, परदेशी लोक गेले, ती देगलूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात राहिली. मराठी ती तिथल्या बाळंतिणींकडून शिकली, त्यामुळं तिच्या बोलण्यात पुण्याचं काही आलं नाही. हाव आणि न्हाई आणि लई आलं, मध्येच एखादा तेलुगू शब्दही यायचा. सिद्धराम देगलूरला कारणाशिवाय जाऊ लागला. आडत्याच्या मुलाला कारणाशिवाय कुठं जाता येत नाही, हे मडिवाळप्पांना आधी कळलं आणि त्याला स्वतःला मागून.

लग्न ठरलं ते साल आणीबाणी उठली त्याचं. तिचा राहण्याचा परवाना संपत आला होता. नांदेडला लग्नाची नोटीस लावलेली होती, तिची मुदत भरली. आणि नेमका त्या वर्षी अधिक श्रावण आला. घरच्या जंगमांनी, अय्यास्वामींनी, हात वर केले. अधिक महिन्यात दीक्षा नाही, लग्न नाही, काही नाही. निज श्रावण लागू द्या, मग मुलीला लिंग बांधू, उमादेवी नाव ठेवू, पंचकलश मांडून लग्न लावू. मडिवाळप्पा म्हणाले, “सरकारला अधिक महिना नसतो. कागदाचं आधी उरकून घेऊ.” त्या वेळी घरातल्या कुणालाच त्यात काही वाटलं नाही. कागद म्हणजे कागद. लग्न ते अय्यास्वामी लावतील तेव्हा. नांदेडच्या कचेरीत साक्षीदार तीन होते, शेषेराव वकील, दवाखान्याचा कंपाउंडर आणि खुद्द मडिवाळप्पा. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. निजामाच्या शाळेत शिकल्यामुळं ते सही उर्दूत करत, घाईघाईनं, पोत्याच्या पावतीवर करावी तशी. त्या दिवशी मात्र त्यांनी पेन हातात घेऊन बराच वेळ घेतला. सिद्धरामला तेव्हा वाटलं होतं, अप्पांना सही कुठं करायची ते दिसत नाही. त्यानं पुढं होऊन बोटानं जागा दाखवली होती. आता गाडीत बसून त्याला आपलं ते बोट पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. अप्पा, हितं. हितं करा.

गाडी उदगीरच्या स्टँडवर थांबली तरी तो उतरला नाही. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उठला. चौबाऱ्यातून आडत बाजाराकडं जाताना लोकांनी रामराम केले. रोजचेच रामराम. पण आज प्रत्येक रामराम आपल्या खांद्यावरून मागं कुणाला तरी जातोय असं त्याला वाटत राहिलं. मडिवाळप्पा असेच त्याच्यामागून दोन पावलं चालत, वहाणा ओढत, आणि तोंडाचा पट्टा चालू असे. अप्पा सगळ्यांवर ओरडत. हमालांवर, तराजूवर, न येणाऱ्या पावसावर, आईच्या, म्हणजे अव्वाच्या, आमटीवर, संगप्पाच्या केसांवर. ज्याच्यावर ते दिवसभरात ओरडले नाहीत त्याला रात्री चुकल्याचुकल्यासारखं होई. आणि गर्दीतून चालता चालता सिद्धरामच्या ध्यानात आलं, की लग्नानंतर अप्पा आपल्यावर कधीही ओरडले नाहीत. एकदाही नाही. त्यानं हरभऱ्याचा सौदा बुडवला होता, ते गप्प बसले. अव्वाला दवाखान्यात न्यायला त्यानं उशीर केला, तरी ते गप्पच. ‘सिद्धरामला विचारा’ एवढंच म्हणत. इतकी वर्षं तो हे आपला मान समजत आला होता. मोठा मुलगा, लग्न झालेला, परदेशी बायको करूनही घरात मानानं नांदणारा. बाजारातल्या लोकांनाही तो हे मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आज भर बाजारात, उन्हात, त्याला पहिल्यांदा शंका आली. अप्पांना माहीत होतं की काय?

घरात शिरताना त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला आणि काढला. मग स्वतःचाच राग येऊन तो आत गेला. ओसरीवर गादी होती, गादीवर संगप्पा होता, पलीकडं अव्वाची पितळी सुपारीची डबी होती. सगळं होतं तसं होतं, आणि तरी पावतीविना आत आलेल्या मालासारखं त्याला स्वतःचं ओझं वाटू लागलं. त्यानं संगप्पाला सगळं सांगितलं. संगप्पा मनानं चांगला; त्याला पहिल्यांदा हसूच आलं. “अण्णा, येवढंच ना? द्या की लिहून. अय्यास्वामी तर गेले, त्येंचा पोरगा देईल दाखला, त्याला काय आठवून राहिलंय? महिन्याचा तर फरक. आन् अधिक महिना कोण धरतंय? तो महिना सालात न्हाईच की.” हे खरंच होतं. अधिक महिन्यात मेलेल्या माणसाचं श्राद्धसुद्धा लोक निज महिन्यात घालतात. ज्या महिन्यात काही घडतच नाही असं सगळं गाव मानतं, त्या महिन्यातला एक दिवस इकडचा तिकडं केला तर कुणाचं काय जाणार होतं? सिद्धरामला क्षणभर हलकं वाटलं. लिहून द्यायचं. आपण या घरातच होतो, एक दिवसही बाहेर नव्हतो. तेवढ्यात माजघरातून कुणीतरी खाकरलं. त्यानं चमकून पाहिलं. संगप्पा पान जुळवत होता. त्याला काही ऐकू आलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेलं धुणं काढताना त्यानं ते उमादेवीला सांगितलं. चारचौघांत ती त्याला तुम्ही म्हणे, एकटं असलं की तू; घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे माहीत नसल्यासारखं करत. तिनं चाळिशी गाठली होती, सोनेरी केस आता कडब्यासारखे दिसत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग होतं. रोज सकाळी ती ते तळहातावर घेऊन बसे, अव्वापेक्षाही जास्त वेळ. तिनं चादरीची घडी घातली आणि म्हणाली, “आमच्याकडं बाबा आन् आई सैपाकघरात बसायचे, थंडीत. कराचा एकच कागद. बाबा लिहायचे, आई वाचून दाखवायची. आईचं नाव खाली, बारीक. पण एका कागदावर दोघं. मला वाटायचं, लग्न म्हंजे ह्येच.” ती हसली. आई जाऊन चार महिने झाले होते आणि ती अजून कुणासमोर रडली नव्हती. “आपला कागद कसला हाय?”

“सगळ्या घराचा. एकत्र कुटुंबाचा.”

“आन् तो न्हाई भरला तर?”

“मग एकट्याचा. माझा.”

“दोघांचा?”

“दोघांचा नसतो आपल्यात,” सिद्धराम म्हणाला. त्यानं हे पहिल्यांदाच उच्चारलं आणि उच्चारल्यावर त्याला ते विचित्र वाटलं. चुलते, चुलतभाऊ, विधवा आत्या, पाळण्यातली पोरं, सगळ्यांचा मिळून एक माणूस होतो असं सरकार मानतं. किंवा मग माणूस एकटा. मधलं काही नाही. उमादेवी घडी घातलेल्या चादरीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तू दे लिहून. मी पण सही करीन. तुला घर पायजे.” तिच्या आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर त्याला बरं वाटलं असतं. खालच्या गल्लीत कुणीतरी वहाणा ओढत गेलं. कठड्यावरून वाकून पाहायची त्याला अनावर इच्छा झाली, आणि तितकीच भीतीही वाटली, म्हणून तो वाळलेल्या धोतराची टोकं नीट जुळवत तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजलं होतं. अव्वा मात्र दुपारची कधी निजत नसे. गंगम्मा हे तिचं नाव आता फक्त मतदारयादीत उरलं होतं. घराला, गल्लीला, आडतीवरच्या हमालांना ती अव्वाच होती. सूप पुढ्यात घेऊन ती ज्वारी निवडत होती. सिद्धराम तिच्याजवळ जमिनीवर बसला. लहानपणी बसे तसा मांडीला मांडी लावून बसणार होता, पण हातभर अंतर सोडून बसला, आणि ते अंतर सोडलेलं अव्वानं पाहिलं. त्यानं विचारलं, “अव्वा, नांदेडला सही केली तवा अप्पांना ठाव होतं का, की मी घरातून जाणार?”

अव्वाचा हात सुपात तसाच राहिला. “कुणी सांगितलं तुला?”

“लातूरच्या वकिलानं.”

“शेषेराव गेला तवाच मला वाटलं व्हतं,” अव्वा म्हणाली. “आता ह्ये कुणीतरी नवं उकरून काढणार.” तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. “ठाव व्हतं. शेषेरावानं त्येला कचेरीच्या व्हरांड्यात घिऊन सगळं उर्दूत सांगितलं. म्हणला, मडिवाळप्पा, तू साक्ष घातलीस की पोरगा कायद्यानं घराभाईर. म्हैनाभर थांब, पोरीला आधी लिंग बांध. तुझा अप्पा म्हणला, थांबलो तर तिचा परवाना जातो, ती जाते, आन् ती गेली की ह्यो बी जातो. भाईर घालून घरात ठिवतो त्येला. शेषेराव, तू कागदात लिहीत जा, जसं लिहितूस तसं. कुणाला बोलू नगंस. आन् केली सही. घरी आला त्ये दोन दिस जेवला न्हाई. मी इचारलं तवा मला सांगितलं, लिंगाची आन घातली.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू राह्यला असतास का? तुझा ताठा मला ठाव न्हाई का?”

खरं विचारायचं होतं ते सिद्धरामनं अजून विचारलं नव्हतं. ते विचारताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. “मग पुन्हा मला कधी बोलले का न्हाईत, अव्वा? संगप्पाला रोज बोलायचे.”

“मी म्हणलं व्हतं त्येला,” अव्वा म्हणाली. ती आता त्याच्याकडं बघत नव्हती, सुपाकडंही नाही. “म्हणलं, पोराला एकदा तरी बोला, त्येला बरं वाटंल. तर म्हणला, ज्येला मी सोताच्या हातानं भाईर घातला, त्येला कोणत्या तोंडानं बोलू.”

त्यानंतर तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. सिद्धराम तिथंच बसून राहिला. अप्पांना माती दिली तो दिवस त्याला आठवला. रानातल्या खड्ड्यात अप्पांना बसवलं होतं, मांडी घालून, जिवंतपणी गादीवर बसत तसं, आणि त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं ते सिद्धरामनंच, थोरला म्हणून. तो हात त्यानं दोन्ही हातांनी मिटला होता आणि बोटं पुन्हा उघडली होती. तो पुन्हा मिटत राहिला, शेवटी अय्यास्वामी म्हणाले, बास, ऱ्हाऊ द्या. ती उघडणारी बोटं आता पुन्हा पुन्हा आठवत राहिली. अप्पा त्या हातातलं ओझं एकट्यानं घेऊन बसले होते, आपल्या शेजारी, एका ओसरीवर, रोज. एकदा ओरडले असते तर? सिद्ध्या, गाढवा, म्हणाले असते तर? त्याला रडू आलं. मग लगेच रागही आला, वडिलांचा, मेलेल्या माणसाचा, ज्याच्याशी आता भांडताही येत नाही. दिवस कलेपर्यंत त्याला पाच-सात वेळा तरी खाकरणं ऐकू आलं, आणि आता त्याला कळत होतं की हे ओरडण्याआधीचं खाकरणं आहे; अप्पा घसा साफ करतात, तोंड उघडतात आणि मग काही बोलत नाहीत.

तिसऱ्या दिवशी तो उमादेवीला घेऊन लातूरला गेला. तिनं इरकली नेसली होती, कपाळाला विभूती लावली होती. जिल्ह्याच्या गावात अजून लोक तिच्याकडं वळून बघत. ती त्यांना नमस्कार करून ओशाळं करी. भीमाशंकर वकिलानं प्रतिज्ञापत्र टंकून तयार ठेवलं होतं. त्यानं ते वाचून दाखवलं. निज महिन्याच्या जागी वैशाखातली एक तिथी बसवली होती, दीक्षा वैशाखात झाली होती, घरचं लग्न वैशाखात झालं होतं, आणि अधिक श्रावणात नांदेडला जे घडलं ते नुसतं नोंदीसाठी जाणं होतं. चांगलं लिहिलं होतं. ऐकता ऐकता सिद्धरामलाच तो वैशाख आठवायला लागला, मांडव, आंब्याचे डहाळे, ओरडणारे अप्पा. त्या वैशाखात अप्पा मनसोक्त ओरडत होते. तिथं त्यांना कुणी व्हरांड्यात घेऊन गेलं नव्हतं, त्यांनी काही लपवलं नव्हतं, सिद्धराम थोरला होता आणि थोरल्यासारख्या शिव्या खात होता. एका सहीवर हे सगळं मिळत होतं. वकिलानं पेन पुढं केलं. “आधी बाईंची,” तो म्हणाला.

उमादेवीनं पेन घेतलं. “त्या दिशी माझ्या गळ्यात काय न्हवतं,” ती वकिलाला म्हणाली, सहज, माहिती द्यावी तशी. “फकस्त घामोळं व्हतं.” आणि ती वाकली. सिद्धरामला तिची मान दिसली. नांदेडला ती अशीच वाकली होती, दवाखान्यातल्या मैत्रिणीची निळी साडी नेसून, निऱ्या पोटाशी धरून. सही करून झाल्यावर तिनं त्याच्याकडं वळून विचारलं होतं, झालं? आणि तो म्हणाला होता, झालं. मग दोघं बाहेर येऊन उसाच्या गुऱ्हाळात बसले होते, तिच्या ओठावर रसाचा फेस होता, आणि त्याला वाटलं होतं की पृथ्वीवर आपल्याला आता दुसरं काही नको. पंचकलशांपाशी नंतर तो बसला ते अव्वासाठी, अय्यास्वामींसाठी, गावासाठी. त्याचं लग्न त्या दिवशी झालं होतं. अप्पांनीही त्याच दिवशी, सगळं ठाऊक असून, किंमत मोजून ते लावून दिलं होतं. आता हा दिवस नव्हताच असं म्हणायचं, तर तो, ती आणि अप्पा, तिघंही त्या कचेरीत नव्हतेच. त्यानं हात पुढं करून तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“तो महिना धरायचा,” तो वकिलाला म्हणाला. “होतं तसं लिहा. एकट्याचं भरा.”

“सिद्धरामअप्पा, विचार करा. मग घराचा कर्ता संगप्पा होईल. मला त्याला आजच कळवावं लागंल.”

“कळवा.”

वकिलानं दुसरा कागद काढला आणि नाव, गाव, वडलांचं नाव असं लिहीत सुटला. उमादेवी टेबलावर वाकून बघत होती. कागद खालपर्यंत भरला तेव्हा तिनं विचारलं, “ह्याच्यात मी कुठं हाय?” वकिलानं मान वर केली, तिच्या आईच्या पैशांच्या कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, बाईसाहेब, तुमचं उत्पन्न झालं तर तुमचा वेगळा कागद होईल. तिनं हाव म्हणून मान हलवली. सिद्धरामनं सही केली. सही करताना त्याला वाटलं होतं, आता ते खाकरणं येईल आणि या वेळी पुढं शब्दही येतील. तो वाट पाहत राहिला. पंख्याचा आवाज येत होता आणि वकील टाचणी शोधत होता.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली. उन्हं कलली होती. वकिलाचा फोन आडतीवर पोचला असणार हे सिद्धरामला दारापाशी आल्याबरोबर कळलं, कारण संगप्पा गादीवरून उठून उभा राहिला होता आणि कुठं बघावं हे त्याला कळत नव्हतं. अव्वा आतून बाहेर आली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो तिनं उंबऱ्याबाहेर, पायरीवर ठेवला, दोघांच्या पायांपाशी, आणि बाजूला झाली. टँकर चार दिवसांत आला नव्हता. पाय धुणं घरातल्या माणसांनी उन्हाळ्यापासूनच बंद केलं होतं. ओल्या फडक्यानं पुसत. तांब्या बाहेर ठेवायचा तो फक्त पाहुणा आला तर. अव्वानं रागानं ठेवला नव्हता. तिचे डोळे सुजले होते आणि जे ज्याचं त्याला द्यायचं एवढंच तिला कळत होतं. संगप्पा हळूच म्हणाला, “धुवा की, अण्णा.”

सिद्धराम तांब्याकडं बघत उभा राहिला. उमादेवीनं वाकून तांब्या उचलला. पाण्याला हात न लावता, पायांच्या धुळीसकट ती उंबरा ओलांडून आत गेली, अव्वाच्या समोरून, माजघरातून, आणि रांजणाचं झाकण काढल्याचा आणि पाणी परत आत ओतल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. आतून भांडी सारल्याचा, चुलीपाशी लाकूड ओढल्याचा आवाज आला. संध्याकाळच्या भाकरीची वेळ झाली होती. अव्वा वळून आत गेली, मग संगप्पाही गेला. सिद्धराम पायरीवर उभा होता. आत ये म्हणून आतून कुणीतरी हाक मारेल, निदान कुणीतरी ओरडेल, म्हणून तो थांबला होता.